धुराड्याचं मोजमाप

डाकबंगल्याच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक काढायला
मी घाट चढून आलो. सोबत टेप, मोजमाप वही
आणि परतवाड्याला जीपमध्ये आपणहून चढलेले
दमडूजी खवले, रिटायर लाइनमन.

फायरप्लेस: रुंदी एक मीटर चाळीस, उंची एक वीस.
काळ्या दगडात द्राक्षांचे घड, दोन्हीकडे एकेक सिंह,
डाव्याचं नाक उडालेलं.
कोरणाऱ्यानं सिंह पाहिलेला नसणार.
पट्टे तेवढे दिले नाहीत,
बाकी सगळा मेळघाटातला वाघच.

दमडूजींनी आत हात घातला, कडेनं बोट फिरवलं,
माझ्या नाकासमोर धरलं.
"पाह्य सायेब. काजळी हाय काय?"
नव्हती.
"लाकडं जळली असती तं हा गोटा
डांबरावानी झाला असता.
इथं आग पेटलीच नाही कधी."

मग ते थांबेचनात.
इंग्रजाच्या आधी कोणी दुसरेच होते म्हणे,
बंगला त्यांचा, गोऱ्यांना आयता सापडला.
नाहीतर माणसाले कायले पाह्यजे चौदा फुटाचं दार?
छपरावर तांब्याचा कळस होता,
तो आभाळातली वीज ओढायचा,
ती धुराड्यातून उतरायची, जाळी लाल व्हायची,
खोलीभर ऊब. धूर नाही, राख नाही,
मीटर नाही, बिल नाही.
"बत्तीस वर्सं खांबावर चढलो मी.
ईज कुठून येते ते मले नोको शिकवू."

मी वाकून धुराड्यात डोकं घातलं.
वर आभाळ, पोस्टाच्या तिकिटाएवढं.
खरं सांगतो, घटकाभर मला पटलं.
पौषातली संध्याकाळ, खाली दरीत धुकं,
वस्तीवर लाइट परवापासून नाही,
आणि कुणी म्हणतंय की ऊब एकेकाळी
वरून येत होती, फुकट, सगळ्यांना पुरेल एवढी,
फक्त ती कळ कुणीतरी लपवून ठेवली.
कुणाला नको असेल असा इतिहास?

चौकीदार मुंगा जांबेकर चहा घेऊन दारात उभा होता.
कधीपासून, कोण जाणे.
"काजळी माझ्या बापाची आत्या खरवडायची," तो म्हणाला.
"पहाटं. सायेब उठायच्या आत.
नऊ-दहा वर्साची होती, मावायची आत."
"मग?"
"मंग मोठी झाली. मावेना.
मंग माझा बाप."

दमडूजींनी कप खाली ठेवला.
"हातानं? इतकं साफ? शक्यच नाही."
आभाळातली वीज त्यांना शक्य वाटत होती.

मुंगानं वाद घातला नाही. बॅटरी दिली मला.
मी उताणा झालो, सिंहांच्या मधोमध,
पाठीखाली गार दगड, आणि उजेड वर सरकवला.
आधी नुसता स्वच्छ दगड, धुतलेल्या ताटासारखा.
मग एकाएकी काळं.
बोटभर जाड, खवल्याखवल्यांचं, वर तिकिटापर्यंत.
आणि दोन्हींच्या मधली रेघ सरळ नव्हती.
कमानी होत्या, एकीला लागून एक,
जिथवर हात पुरला तिथवर,
टाचा उंचावून, खांदा ताणून,
पुन्हा अर्ध्या पावलावर, पुन्हा.

टेप धरायला दमडूजी आपणहून वाकले.
"किती?"
"एक मीटर बासष्ट."
वहीत लिहिलं. कुठल्या बाबीखाली, ते सुचेना.
दगडकाम? साफसफाई?
रकाना मोकळा सोडला,
सोडू नये असा नियम आहे.

रात्री मुंगानं अंगणात शेकोटी केली, आम्ही तिघं बसलो.
धूर ज्याच्या त्याच्या डोळ्यांत जात होता.
कुणी बोलत नव्हतं. एक ओंडका तडतडला.
बऱ्याच वेळानं दमडूजी, तळवे आगीकडे धरून:
"पण कळस तांब्याचाच होता."

"होता," मुंगा म्हणाला.
"माझ्या काकानंच इकला."